कॅबिनेटचे फॅन रात्रभर घोंघावतात, काय करू?

मागच्या अंकात म्हटलं होतं की कॉम्प्युटरचे प्रश्न पाठवा, तर आलेली बरीचशी पत्रं फॅनच्या आवाजाचीच निघाली, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलं. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापत नाही, फक्त नागपुरातला एरिया छापतोय.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मुलासाठी जानेवारीत बर्डीवरून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. काचेचं कॅबिनेट आहे, समोर लाइटवाले तीन फॅन, मागे एक. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकसारखा आवाज येऊन राह्यला, नुसतं वर्ड उघडलं तरी तेवढाच आणि गेम खेळला तरी तेवढाच. मुलगा रात्री दोनपर्यंत बसतो, बाजूच्या खोलीत सासूबाईंना झोप नाही. दुकानवाले म्हणतात पॉवरफुल मशीन आहे, आवाज येणारच. खरंच येणारच का? — एक गृहिणी, मानेवाडा

ताई, नाही, यायला नको. आणि तुम्ही पत्रात एक वाक्य फार कामाचं लिहिलं आहे, वर्ड असो की गेम, आवाज तेवढाच. आवाज कामाप्रमाणे बदलतच नाही म्हणजे तुमच्या फॅनना हळू फिर म्हणून सांगणारं कोणीच नाहीये, ते बिचारे चालू झाले की फुल स्पीडने पळतात. मशीन पॉवरफुल असण्याशी याचा काही संबंध नाही.

आता हे का होतं ते बघायला कॅबिनेट उघडावं लागेल, घाबरू नका, मेन स्विच बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि काचेच्या उलट बाजूचं पत्र्याचं झाकण काढा, दोन स्क्रू असतात, ते काढून झाकण मागे सरकवायचं. आत वायरींचा गुंता दिसेल. प्रत्येक फॅनची वायर हातात धरून शेवटपर्यंत जा आणि तिच्या टोकाला काय आहे ते बघा. टोकाला अंगठ्याएवढा रुंद, चार जाड पिनांचा कनेक्टर असेल आणि तो एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आलेल्या पिवळ्या, लाल आणि दोन काळ्या वायरींच्या कनेक्टरमधे घुसवला असेल, तर तो मोलेक्स. त्यातल्या पिवळ्या वायरीतून फॅनला सरळ १२ व्होल्ट मिळतात, मधे मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, नाहीच, मग कंट्रोल करणार कोण? स्वस्तातल्या कॅबिनेटमधे बहुतेक वेळा हेच असतं, असेंबल करणाऱ्याला घाई असते, मोलेक्स खुपसला की फॅन फिरतो, लाइट लागतो, गिऱ्हाईक खुश.

टोकाला छोटा कनेक्टर असेल तर त्याची भोकं मोजा. तीन असतील तर एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट आणि तिसरी वायर फॅन किती वेगाने फिरतोय ते बोर्डाला सांगते, दर फेरीला दोन पल्स. चार असतील तर चौथ्या वायरीवरून उलटा निरोप येतो, बोर्ड फॅनला सांगतो की किती जोरात फिर, याला पीडब्ल्यूएम म्हणतात, हा सिग्नल सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद होतो, त्यात चालू किती वेळ आणि बंद किती वेळ यावरून फॅन आपला वेग ठरवतो. तीन पिनवाल्याला हे कळत नाही, त्याला हळू करायचं तर व्होल्टेजच कमी करावं लागतं, १२ चं ९, ९ चं ७ असं.

आणि घोळ नेमका इथे होतो. मदरबोर्डावरची पिन चारची असते, तीन पिनचा फॅन त्यात आरामात बसतो, पण बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधे, त्या जागेचं सेटिंग पीडब्ल्यूएमवर राहिलं असेल तर बोर्ड फॅनला पूर्ण १२ व्होल्ट देत राहतो आणि हळू हो म्हणून चौथ्या पिनवर सांगत राहतो, तिथे ऐकायला वायरच नाही. फॅन फुल स्पीड. हे मी इतक्या मशीनमधे पाहिलं आहे की आता झाकण उघडायच्या आधी बायोसच उघडतो. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहायचं, बायोस उघडतं, एसूसच्या बोर्डात क्यू-फॅन, गिगाबाइटमधे स्मार्ट फॅन, एसरॉकमधे फॅन-टॅस्टिक ट्युनिंग, एमएसआयमधे हार्डवेअर मॉनिटर शोधा. त्यात प्रत्येक फॅनचं नाव येतं आणि त्याच्यापुढे डीसी (म्हणजे व्होल्टेज कमी करून) की पीडब्ल्यूएम असा पर्याय. तीन पिनला डीसी, चार पिनला पीडब्ल्यूएम, बस. सेव्ह करून बाहेर या, अर्ध्या मिनिटात फरक कानाला कळेल.

मोलेक्सवाले असतील तर एक छोटं अ‍ॅडाप्टर घ्या जे मोलेक्सचं टोक बोर्डाच्या छोट्या पिनला जोडतं, आणि एक स्प्लिटर, म्हणजे एका जागेवर दोन-तीन फॅन लागतील. दोन वायरींचा फॅनसुद्धा डीसीवर हळू होतो, फक्त त्याचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या, दिसत नाही. एक काळजी घ्या, बोर्डाच्या एका फॅन हेडरला, म्हणजे फॅन लावायच्या पिनांच्या जागेला, साधारण १ अ‍ॅम्पियरच झेपतो, प्रत्येक फॅनच्या मधल्या स्टिकरवर त्याचा करंट लिहिलेला असतो, ०.२ किंवा ०.३ असं काहीतरी, तीन फॅनची बेरीज करून बघा, १ च्या बरीच आत राहिली पाहिजे. लाइट आणि मोटर एकाच वायरीवर असेल तर फॅन हळू झाला की लाइटही मंद होईल, त्यात खराबी काही नाही. आणि वायरी जर सहा पिनच्या असतील आणि एका चपट्या डब्बीत जात असतील तर तो त्या कंपनीचा हब आहे, त्याचे फॅन बाकी कुठे लागत नाहीत, त्या डब्बीतून बोर्डाकडे जाणारी एखादी तीन-चार पिनची वायर मोकळी लटकत असेल तर ती बोर्डाला लावा, नसेल तर सोबत आलेल्या रिमोटवर वेग कमी करायचं बटण असतं.

कोणी सांगेल की पिवळ्या आणि लाल वायरीच्या मधे फॅन जोडा, १२ वजा ५ म्हणजे ७ व्होल्ट मिळतात, फुकटात काम होतं. नका करू ताई. फॅन शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या लाइनवर जातात, आणि त्या लाइनवर तुमच्या मुलाची हार्ड डिस्क आहे.

एवढं झालं की वेग किती कमी करायचा हा प्रश्न उरतो, त्यात एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो, आणि १० डेसिबल पडले तरी माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटतो. उलट एकाच्या जागी सारखे दोन फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन १४०० ला पळवण्यापेक्षा दोन फॅन ७०० ला फिरवले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज कितीतरी कमी. तुमच्याकडे चार आहेत, सगळे ६०० ते ७०० आरपीएमला ठेवा, सासूबाईंना बाजूच्या खोलीत काही ऐकू येणार नाही.

प्रश्न : भाऊ, माझा पीसी एकदम शांत असतो पण क्रोममधे नवीन टॅब उघडला की घूंऽऽ करतो आणि दोन सेकंदात परत गप्प, परत टॅब उघडला की परत घूंऽऽ. दिवसभर हेच. रूममेट वैतागून राह्यला. थर्मल पेस्ट बदलली, फॅन बदलला, फरक शून्य. प्रोसेसर खराब आहे का? — इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

भावा, प्रोसेसर ठणठणीत आहे आणि बदललेला फॅनही बहुतेक ठणठणीतच होता, पैसे वाया गेले याचं मला वाईट वाटतं. आजकालचे प्रोसेसर टॅब उघडण्याएवढ्या कामालाही क्षणभर पूर्ण ताकद लावतात, त्यामुळे आतल्या सिलिकॉनचं तापमान एका सेकंदात ४५ वरून ६५-७० ला उडी मारतं आणि काम झालं की तसंच खाली येतं. पण वरचा हीटसिंक, तो अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचा गठ्ठा, तो एवढ्यात गरमच होत नाही, त्याला गरम व्हायला मिनिटं लागतात. मग त्या एका सेकंदासाठी फॅन पळवून फायदा काय झाला? काहीच नाही, फक्त रूममेट वैतागला. आणि कानाचं असं आहे की एकसारखा आवाज तो विसरतो, बदलणारा आवाज विसरत नाही. ९०० वर सलग फिरणारा फॅन ६०० ते १४०० वर-खाली करणाऱ्यापेक्षा हजार पटीने बरा.

बायोसमधे किती तापमानाला फॅनचा किती वेग हे दाखवणाऱ्या रेषेचा ग्राफ असतो, त्याच्याखाली स्टेप अप, स्टेप डाउन किंवा स्मूदिंग असं काहीतरी सेकंदांत लिहिलेलं असतं, ते ० किंवा अगदी कमी असेल. वर जायला ४-५ सेकंद आणि खाली यायला जेवढे जास्तीत जास्त देता येतील तेवढे दे. नंतर ग्राफचा आकार बदल. कंपनीची रेष ४० अंशांपासूनच वर चढायला लागते, ती सपाट कर, ६० अंशांपर्यंत ३५ टक्के म्हणजे ३५ टक्के, हलायचं नाही, ७० ला ५०, ८० ला ७०, आणि ९० ला १००. हा सीपीयू फॅन, म्हणजे प्रोसेसरवरचा फॅन झाला. कॅबिनेटच्या फॅनसाठी तर तापमान प्रोसेसरचं घेऊच नको, सोर्स म्हणून मदरबोर्ड निवड, ते तापमान सावकाश हलतं आणि कॅबिनेटच्या आतली हवा खरोखर किती तापली ते तेच जास्त खरं सांगतं.

गेम खेळत असशील तर एक अडचण येईल, ग्राफिक्स कार्ड तापतं आणि कॅबिनेटच्या फॅनना ते कळत नाही कारण बायोसला बहुतेक बोर्डांत कार्डाचं तापमान दिसत नाही. त्याला विंडोजमधे फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसर आणि कार्ड दोघांपैकी जे जास्त मागेल ते द्यायचं असं सेट करता येतं, मी घरी तेच वापरतो. लिनक्सवर असशील तर एलएम-सेन्सर्स टाकून पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालव, तो एकेक फॅन थांबवून बघतो आणि कोणता फॅन कुठे जोडलाय ते विचारतो, तेव्हा झाकण उघडं ठेवून डोळ्यांनी बघत बस.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. तुमच्यासारख्याच एका जाणकाराने डिसेंबरात माझ्या कॉम्प्युटरचे फॅन इतके छान सेट करून दिले होते की चालू आहे की बंद ते कळत नसे. एप्रिल लागला आणि परत गोंगाट सुरू. शिवाय खोलीत खिडकीचा कूलर आहे आणि त्याचा झोत थेट टेबलावर येतो, ओलाव्याने कॉम्प्युटर खराब होईल का? — एक वाचक, धरमपेठ

काका, त्या माणसाने काम चांगलं केलं, फक्त ते डिसेंबराचं केलं. प्रोसेसर किती तापतो हे खोलीच्या वर मोजायचं असतं. समजा त्याच कामाला तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश वर जातो. डिसेंबरात रात्री खोली २० ची, म्हणून प्रोसेसर ६० वर, फॅन गप्प. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर गेलेलं असतं आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबखालची खोली कूलर बंद असताना ३८ ला सहज जाते, तेच काम, तोच फॅन, आणि प्रोसेसर ७८ वर. रेष ६० च्या पुढे चढवलेली, मग फॅन ओरडणारच. पुण्या-बेंगळुरूच्या माणसाने व्हिडिओत सांगितलेले आकडे नागपुरात म्हणूनच बसत नाहीत, त्याच्या खोलीत वर्षभरात जेवढा फरक पडतो त्यापेक्षा बराच जास्त आपल्याकडे पडतो.

म्हणून दोन सेटिंग करा, बायोसमधे प्रोफाइल सेव्ह करायची सोय असते, एक नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं आणि एक मार्च ते जूनचं. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमधे सगळी रेष साधारण १० अंश उजवीकडे सरकवा, म्हणजे फॅन ७० पर्यंत शांत आणि त्यानंतर चढेल. ७८ किंवा ८० ला प्रोसेसरला काही होत नाही, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, तिथे पोचले तर ते स्वतःच वेग कमी करून घेतात.

आणि काका, यात आपल्या शहराने एक सोय आपोआप करून ठेवली आहे, ती मला स्वतःला बऱ्याच उशिरा सुचली. मे महिन्यात तुमचा कूलर चालू असतो. त्या पत्र्याच्या कूलरच्या घरघरीत कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा फॅन ७० टक्क्यांवर फिरला तरी ऐकू येत नाही, म्हणजे ज्या महिन्यात जास्त हवा लागते त्याच महिन्यात आवाज झाकला जातो. डिसेंबरात खोली शांत असते तेव्हा हवेची गरजच कमी. त्यामुळे कूलर चालू असेल त्या दिवसांत फॅन बिनधास्त जोरात ठेवा. त्रास होतो तो मधल्या दिवसांत, मार्चचे पहिले आठवडे आणि पावसाची उघडीप पडते ते उकाड्याचे दिवस, कूलर बंद आणि खोली गरम, तेवढ्यापुरता बाकीचा विचार करायचा.

ओलाव्याचं विचाराल तर कूलरच्या हवेने आत पाणी साचत नाही. पाणी साचतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, चालू कॉम्प्युटर हवेपेक्षा गरमच असतो. उलट कूलरच्या हवेने तापमान उतरतंच. पण झोत थेट नको. पंप जोरात असला किंवा खसची ताटी नवीन असली की बारीक तुषार उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोच थर कॅबिनेटच्या जाळीवर आणि फॅनच्या पात्यांवर बसतो. दमट हवेत धूळही चिकटून बसते, ती कोरड्या ब्रशने निघत नाही. टेबल झोतापासून दोन-तीन फूट बाजूला घ्या, किंवा निदान कॅबिनेटची हवा घेणारी बाजू कूलरकडे नको.

प्रश्न : दुकानात बिलिंगचा जुना पीसी आहे, सकाळी चालू केला की दहा मिनिटं कर्रर्र कर्रर्र करतो, मग आवाज आपोआप बंद होतो. स्पीड कमी केला तर आवाज अजून वाढतो. — इतवारीतून

हा सेटिंगचा आवाज नाही, बेअरिंगचा आहे. स्वस्त फॅनमधे स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल सुकत जातं, सकाळी थंड असताना घासतं आणि गरम झालं की थोडं मोकळं होतं. असे फॅन आडवे बसवले, म्हणजे कॅबिनेटच्या छतावर, तर अजून लवकर जातात. कोणता फॅन ते ओळखायला पॉवर बंद करून एकेकाची वायर काढा आणि दर वेळी चालू करून ऐका, सीपीयूच्या फॅनची मात्र काढू नका. मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर काही आठवडे निघतात, पण दुकानाचं मशीन आहे, नवीन फॅन टाका, घेताना फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंग बघून घ्या.

पण फॅन बदलायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा. माझ्याकडे असाच कर्रर्र करणारा एक डब्बा आला होता, मालकाने दोन फॅन बदलून झाले होते, आवाज तसाच. टॉर्च मारून फॅन हाताने हळूच फिरवला तर दर फेरीला टिक् असं व्हायचं, वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं तिरपं कापलेलं टोक पात्याला जेमतेम स्पर्श करत होतं, नखाएवढं. कटरने कापलं आणि आवाज संपला. पत्र्याचा गुंजारव असेल, म्हणजे कॅबिनेटवर हात दाबला की आवाज कमी होत असेल, तर स्क्रू कसा किंवा स्क्रूच्या जागी रबराच्या पिना लावा, स्वस्तात मिळतात.

प्रश्न : धूळ काढायला ब्लोअर मारला तर चालतो का? — मनीष नगर

चालतो, पण फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने फॅन त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी वर पळतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलट्या दिशेने बोर्डात वीज ढकलते. कॅबिनेट गॅलरीत नेऊन करा. तुमच्या बाजूला बांधकामं भरपूर चालू असतात, सिमेंटची धूळ बसली की हीटसिंकच्या पट्ट्यांमधे अक्षरशः घोंगडी तयार होते आणि मग फॅन कितीही शांत सेट केला तरी त्याला ओरडावंच लागतं. समोरची जाळी दर महिन्याला काढून धुवा, पूर्ण वाळवून लावा. हवा आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवले तर फटींतून धूळ कमी शिरते.

प्रश्न : सॉफ्टवेअरमधे एक तापमान १२७ अंश दाखवतंय, फॅन त्यालाच घाबरून पळतोय का? — नंदनवन

बोर्डाच्या चिपवर काही सेन्सरच्या जागा रिकाम्या असतात, तिथे काही जोडलेलंच नसतं, मग तो आकडा कायम १२७ किंवा भलताच काही दाखवतो. मे २०२४ मधे नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, तसंच समजा. जो आकडा काम वाढलं तरी हलत नाही त्यावर फॅन लावायचा नाही. तुमच्या फॅनचा सोर्स चुकून तोच निवडलेला आहे का तेवढं तपासा, असेल तर बदलून सीपीयू किंवा मदरबोर्ड करा.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाचे फॅन फिरतच नाहीत. — सदर

काम नसताना थांबतात, बहुतेक नवीन कार्डांत कंपनीनेच तसं केलेलं असतं. साधारण ५०-६० अंशांच्या पुढे सुरू होतात. गेम लावून दहा मिनिटं बघा, तरीही नाही फिरले तर वॉरंटी बघा.

प्रश्न : सीपीयूचा फॅन एकदम हळू केला तर चालू होताना सीपीयू फॅन एरर येते आणि एफ १ दाबावं लागतं. इग्नोर करून टाकू का? — खामला

इग्नोर नका करू. बोर्डाला वाटतं की फॅन थांबला, कारण त्याची खालची मर्यादा, समजा ६०० आरपीएम, तुमच्या फॅनच्या वेगापेक्षा वर आहे. बायोसच्या मॉनिटर पानावर सीपीयू फॅन स्पीड लो लिमिट असतं, ते २०० किंवा ३०० करा. इग्नोर केलं तर उद्या फॅन खरंच बंद पडला, वायर निघाली, तर बोर्ड तोंड उघडणार नाही. आणि फॅन हळू करताना अगदी तळाशी नेऊ नका, काही फॅन हळू फिरत राहतात पण थांबलेले असतील तर तेवढ्या व्होल्टेजवर सुरूच होत नाहीत. मशीन पूर्ण बंद करून पाच-सहा वेळा चालू करा, दर वेळी फॅन स्वतःहून फिरायला लागला पाहिजे, एकदाही अडखळला तर ५ टक्के वाढवा.